घराण्याचं बीपी आणि नाशिकमधली तपासणी पॅकेजेस: पैसे कुठे घालावेत

कॉलेज रोड असो, सिडको असो की नाशिकरोड, बीपीच्या तपासण्यांचं पॅकेज आता फोनवर ठरतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना घेणारा दारात उभा असतो. या परीक्षणात कुठल्याही लॅबचं नाव घेतलेलं नाही. लॅबच्या पाटीपेक्षा पॅकेजमध्ये काय घातलंय आणि नमुना कसा घेतला जातो, यानेच जास्त फरक पडतो. ढोबळमानाने चार गोष्टी विकल्या जातात: नेहमीचं ‘बीपी प्रोफाइल’, त्याला जोडून घ्यायची रेनिन-अल्डोस्टेरॉन चाचणी (मीठ आणि दाब सांभाळणाऱ्या रक्तातल्या दोन द्रव्यांची), लाळेवरून सांगितला जाणारा ‘जनुकीय धोका’ आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होणारी ठरावीक जनुकांची पूर्ण तपासणी. आईला बीपी, मामाला बीपी, आजोबांचा झटका बीपीनेच आला, मग आपलं काय, या काळजीपोटी बरेच जण तिसऱ्या गोष्टीकडे वळतात. आमचं स्पष्ट मत असं, की ते पैसे पहिल्या दोन चाचण्या नीट, पूर्ण आणि योग्य वेळी करून घेण्यात घालावेत.

याचं कारण किडनीत आहे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात आणि त्यात जवळपास दीड किलो मीठ असतं. त्यातलं 99 टक्क्यांहून जास्त मीठ परत रक्तात ओढून घेतलं जातं. उरलेलं चमचा-दीड चमचा लघवीतून जातं. या ओढून घेण्यात अगदी थोडी चूक झाली आणि ती वर्षानुवर्षं चालू राहिली, की शरीरात मीठ-पाणी साठतं आणि ते बाहेर ढकलण्यासाठी दाब वर चढवावा लागतो. ही चूक वारशाने येऊ शकते. 1970च्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले. बीपीच्या वाणाच्या उंदराची किडनी साध्या उंदराला बसवली तेव्हा त्याचा दाब वाढला, उलट केलं तेव्हा उतरला. माणसांतला दाखला 1983 सालचा आहे. उच्च रक्तदाबामुळे किडन्या निकामी झालेल्या सहा रुग्णांना बीपी नसलेल्या दात्यांच्या किडन्या बसवल्या आणि सरासरी साडेचार वर्षांनंतरही त्यांचा दाब औषधांशिवाय नॉर्मल होता. दाब किडनीबरोबर प्रवास करतो, असं वैद्यकात म्हणतात ते यावरूनच.

पुढे एकेका जनुकाचे दोष सापडत गेले, तेही बहुतेक किडनीच्या मीठ-वाटेवरच. गोळा करणाऱ्या नलिकेतली सोडियमची खिडकी कायम उघडी राहिली तर लिडल सिंड्रोम. त्याचं जनुक 1994 साली सापडलं. दूरच्या नलिकेत मीठ ओढणारा पंप गरजेपेक्षा जोरात चालला तर गॉर्डन सिंड्रोम, ज्याची पहिली दोन जनुकं 2001 साली कळली. अल्डोस्टेरॉन हे मीठ धरून ठेवणारं संप्रेरक चुकीच्या बटणाला जोडलं गेलं, तर तरुणपणीच बीपी आणि मेंदूत रक्तस्राव होणारी घराणी दिसतात. त्या दोषाचा छडा 1992 साली लागला. उलट बाजूही तेवढीच बोलकी आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या लोकांमध्ये 2008 साली असं दिसलं, की ज्यांच्यात मीठ ओढणाऱ्या प्रथिनांच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली आहे त्यांचं बीपी इतरांपेक्षा कमी राहतं. बीपीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही याच ठिकाणी काम करतात. फुरोसेमाइड किडनीच्या नलिकेतल्या हेन्ले नावाच्या वळणाच्या चढत्या फाट्यात, क्लोरथॅलिडोन दूरच्या नलिकेत, अमिलोराइड आणि स्पायरोनोलॅक्टोन शेवटच्या टप्प्यात. म्हणून किडनी मिठाशी कसं वागते, हे दाखवणारी साधी चाचणी ही एका अर्थी जनुकांचीच चाचणी आहे, आणि कितीतरी पट स्वस्त आहे.

लाळेची चाचणी इथेच कमी पडते. आपल्यासारख्या बहुतेकांचं बीपी एका जनुकाचं नसतं. रक्तदाबाशी नातं असलेल्या जनुकीय जागा आता हजाराच्या वर नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यातली एकेक जागा वरचा आकडा सहसा एक मिलिमीटरनेसुद्धा हलवत नाही. सगळ्यांची बेरीज करून ‘जास्त धोका’ असा शिक्का दिला जातो, पण ही बेरीज मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बसवलेली आहे. नाशिकच्या माणसाला ती तशीच लावली की अंदाज सैल होतो. शिवाय ‘जास्त धोका’ आल्यावर करायचं काय? मीठ कमी, वजन आटोक्यात, वर्षातून दोनदा बीपी. हे तर घरात बीपी आहे एवढ्यावरूनच करायला हवं होतं. आणि ‘कमी धोका’ वाचून कुणी बीपी मोजायचं सोडलं, तर नुकसान खरं होतं. ही सेवा आम्ही घ्या म्हणणार नाही.

आता नेहमीचं पॅकेज. पत्रकावर तपासण्यांची संख्या ठळक छापलेली असते, पण संख्येकडे पाहू नका. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, युरिक ॲसिड हे सगळं ठीक. किडनीसाठी तीनच ओळी शोधायच्या: ईजीएफआरसह (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. पहिल्या दोन बहुधा असतात. तिसरी बऱ्याचदा नसते. तिच्या जागी ‘युरिन रूटीन’ लिहून भागवलेलं असतं.

युरिन रूटीनमध्ये काडी बुडवून प्रथिनं पाहतात. काडीवर ‘निल’ आलं तरी अल्ब्युमिन थोड्या प्रमाणात जात असू शकतं, आणि बीपीमुळे किडनीला लागलेला पहिला ओरखडा नेमका त्या थोड्याच प्रमाणात दिसतो. काही दरपत्रकांवर नुसतं ‘मायक्रोअल्ब्युमिन’ असतं. तेही पुरेसं नाही, कारण पाणी जास्त प्यायलं की तो आकडा उतरतो आणि कमी प्यायलं की चढतो. फोनवर शब्दशः सांगा: ‘अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, सकाळच्या पहिल्या लघवीवर.’ आकडा 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली हवा. 30 ते 300 मध्ये आला तर घाबरून जाऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. तीन महिन्यांत पुन्हा करा, तीनपैकी दोनदा जास्त आला तरच तो खरा धरतात. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीची पांडवलेण्याची चढण किंवा जिममधला जोरदार व्यायाम यांनी आकडा फुगतो. तेव्हा नमुना देऊच नका. आणखी एक बघायचं ते एकक. काही लॅब मिलिग्रॅम प्रति मिलिमोलमध्ये देतात, आणि तिथे 30 च्या जागी 3 ही मर्यादा असते. 12 आकडा पाहून निर्धास्त झालेल्या माणसाचा रिपोर्ट खरं तर 100 च्या पुढचा असतो.

क्रिएटिनिनचा नुसता आकडा किती फसवतो ते पाहा. 1.2 हा आकडा पंचवीस वर्षांच्या तरुणाचा असेल तर 2021 च्या सूत्राने ईजीएफआर सुमारे 86 येतो. तोच 1.2 पासष्ट वर्षांच्या बाईंचा असेल तर सुमारे 50. रिपोर्टवर सगळ्यांसाठी एकच मर्यादा छापलेली असली तर दोन्ही ठिकाणी लाल खूण दिसणार नाही, आणि बाईंची किडनी निम्म्यावर आल्याचं कुणाच्या लक्षात येणार नाही. ईजीएफआर छापून न देणारी लॅब असेल तर ती बदला. 60 च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात.

पोटॅशियमची ओळ बहुतेक जण वाचतही नाहीत. घराण्यातल्या बीपीचा सुगावा मात्र सगळ्यात आधी तिथे लागू शकतो. लघवी वाढवणारी गोळी चालू नसताना पोटॅशियम 3.5 च्या खाली असेल, तर किडनी सोडियम धरून पोटॅशियम सोडतेय असा संशय घ्यावा. मग अल्डोस्टेरॉन जास्त आहे का, हे पाहावं लागतं. बीपी जास्त आणि पोटॅशियमही वर, किडनी मात्र नॉर्मल, असं दिसलं तर गॉर्डन आठवायला हवा. तिथे थायझाइडची (क्लोरथॅलिडोनच्या गटातल्या लघवी वाढवणाऱ्या गोळीची) छोटी मात्राही दाब आणि पोटॅशियम दोन्ही खाली आणते. पण आकडा खरा हवा. शीर सापडेना म्हणून नमुना घेणारा ‘मूठ उघडा-बंद करा’ म्हणतो आणि दंडाचा पट्टा दोन-तीन मिनिटं तसाच राहतो. एवढ्यानेही पोटॅशियम खऱ्यापेक्षा अर्धा ते एक अंकाने वर जाऊ शकतं. म्हणजे 3.3 चा माणूस 4 दाखवून सुटतो. मूठ हलकी मिटलेली ठेवा, उघडझाप करू नका, आणि पट्टा एका मिनिटाच्या वर राहिला तर सोडायला सांगा. सांगायला संकोच करू नका.

दुसरा बिघाड बर्फाच्या डब्यात होतो. नमुना घेणारा पहाटे गंगापूर रोडला सुरुवात करून इंदिरानगर, पाथर्डी फाटा करत करत दोन-तीन तासांनी लॅबवर पोचतो, आणि नळ्या थंड डब्यात असतात. यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न केलेलं रक्त गार राहिलं, की पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आकडा पुन्हा फुगतो. पोटॅशियम महत्त्वाचं असेल तर लॅबवर स्वतः जाऊन रक्त द्या, जिथे अर्ध्या-एक तासात ते सेंट्रिफ्यूजमध्ये जातं. घरपोच सेवेची सोय आम्हांला मान्य आहे, पण या एका ओळीसाठी ती घेऊ नये.

रेनिन-अल्डोस्टेरॉन चाचणीत तर हा थंड डबा सगळ्यात मोठा शत्रू. रक्तात निष्क्रिय रेनिन भरपूर असतं आणि गारठ्यात त्यातलं काही सक्रिय होतं. मग रेनिन खोटंच वाढलेलं दिसतं, अल्डोस्टेरॉनचं रेनिनशी गुणोत्तर खाली येतं, आणि पकडायला हवा होता तो जास्त अल्डोस्टेरॉनचा आजार निसटतो. नमुना खोलीच्या तापमानाला ठेवून लवकर फिरवायचा आणि वेगळा केलेला प्लाझ्मा (पेशींशिवायचा रक्तद्रव) मात्र लगेच गोठवायचा, असा नियम आहे. ही चाचणी इथल्या बऱ्याच लॅब मुंबईला किंवा पुण्याला पाठवतात. ते ठीक आहे, फक्त कसाऱ्याचा घाट गोठलेल्या प्लाझ्माने उतरायला हवा, भरलेल्या नळीने नव्हे. काउंटरवर एकच प्रश्न विचारा: ‘रेनिनची नळी बर्फात ठेवता का?’ ‘हो, अगदी बर्फात’ असं अभिमानाने उत्तर आलं तर तिथे ही चाचणी करू नका.

वेळही नेमकी हवी. घरपोचवाल्यांची साडेसहाची वेळ लोकप्रिय, पण या चाचणीसाठी अंथरुणातून उठून किमान दोन तास झालेले असावेत, चालणं-फिरणं झालेलं असावं आणि मग 5 ते 15 मिनिटं शांत बसून रक्त द्यावं. म्हणजे नऊ-दहाची वेळ. उपाशीपोटी असायची गरज नाही. आधीचे काही दिवस मीठ तोडू नका. अळणी उपवास करणाऱ्यांचं रेनिन आपोआप वाढतं आणि निकाल फसवा येतो. म्हणून श्रावणात किंवा नवरात्रात ही चाचणी ठेवू नये. सैंधव खाल्लं म्हणून फरक पडत नाही, तेही सोडियम क्लोराइडच. पोटॅशियम कमी असेल तर ते आधी भरून घ्यायचं, नाहीतर अल्डोस्टेरॉन दबलेलं दिसतं.

औषधांची यादी फॉर्मवर लिहा, जागा नसेल तर पाठीमागे लिहा. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोलसारख्या गोळ्या आणि दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रेनिन खाली पाडतात, त्यामुळे आजार नसताना गुणोत्तर वर जातं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल रेनिन वाढवतात आणि आजार लपवतात. म्हणून टेल्मिसार्टन चालू असूनही रेनिन तळाला असेल तर तो निकाल जास्तच वजनाचा. स्पायरोनोलॅक्टोन चार आठवडे बंद लागतं. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून थांबवायची नाही. बदली गोळी डॉक्टर देतात. या यादीत घराघरांत विसरली जाते ती गोष्ट म्हणजे ज्येष्ठमध. खोकल्याचा काढा, चघळायच्या काड्या, घशाच्या गोळ्या यांत ते असतं. ज्येष्ठमध किडनीतलं एक एन्झाइम अडवतं, आणि मग कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनसारखं वागायला लागतं. बीपी वर, पोटॅशियम खाली, आणि रेनिन-अल्डोस्टेरॉन दोन्ही तळाला. हेच एन्झाइम जन्मतः बिघडलेली दुर्मीळ घराणीही आहेत. चार आठवडे ज्येष्ठमध बंद करूनच रक्त द्या.

निकालावर गुणोत्तर छापलेलं असतं, पण रेनिन कशात मोजलं ते पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. अल्डोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि रेनिनची क्रियाशीलता नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रति तास असेल तर 30 ही वापरातली सीमा. रेनिन थेट मिलियुनिट प्रति लिटरमध्ये मोजलं असेल तर तीच सीमा 3.7 होते. 3.7 च्या पद्धतीचा रिपोर्ट 30 शी ताडून ‘नॉर्मल’ म्हणणं ही सहज होणारी चूक आहे. पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणून ही चाचणी टाळू नका. अल्डोस्टेरॉन जास्त असलेल्या बहुसंख्य रुग्णांचं पोटॅशियम नॉर्मलच असतं. संप्रेरकांच्या तज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीने 2025 मध्ये बीपीच्या सगळ्याच रुग्णांना ही चाचणी सुचवली ती उगीच नाही.

पत्रकात क्वचितच सापडणारी, पण आम्हांला फार आवडणारी चाचणी म्हणजे चोवीस तासांच्या लघवीतलं सोडियम. मीठ-वाट वारशाने बिघडलेली असो वा नसो, तिच्यावर आपण रोज किती ओझं टाकतो ते यात कळतं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची प्रत्येक लघवी, शेवटची सकाळची धरून, डब्यात जमवायची. एकदा जरी सुटली तरी नवीन डबा घ्या. आलेल्या मिलिमोलला 17 ने भागलं की मिठाचे ग्रॅम मिळतात. 170 आलं तर 10 ग्रॅम, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या 5 ग्रॅमच्या दुप्पट. रविवारची मिसळ, वर शेव-फरसाण, जेवणात पापड-लोणचं आणि संध्याकाळी चिवडा, एवढ्याने हा आकडा सहज गाठला जातो. तपासणीसाठी मुद्दाम पथ्याचा दिवस निवडू नका, नेहमीचाच दिवस घ्या.

जनुकांची पूर्ण तपासणी सरसकट नको, पण काही घरांना ती खरंच लागते. तिशीच्या आत सुरू झालेलं आणि तीन गोळ्यांनीही न उतरणारं बीपी, चाळिशीच्या आत घरात मेंदूतला रक्तस्राव, घरातल्या दोन-तीन जणांचं पोटॅशियम बिघडलेलं, किंवा एकाच घरात अनेकांना डायलिसिस. अशा ठिकाणी निदान झालं तर औषधच बदलतं. लिडलला स्पायरोनोलॅक्टोन लागू पडत नाही, अमिलोराइड पडतं. अल्डोस्टेरॉनच्या चुकीच्या बटणाच्या घराण्याला डेक्सामेथासोनची अगदी छोटी मात्रा दिली जाते. मागवताना लॅबला दोन गोष्टी विचाराव्या लागतात. हे चुकीचं बटण दोन शेजारच्या जनुकांच्या जोडणीतून बनतं आणि नेहमीच्या छोट्या तुकड्यांच्या वाचनात ते निसटू शकतं. त्यासाठी लाँग पीसीआर (जनुकाचा लांब तुकडा सलग तपासण्याची पद्धत) वेगळा करतात का? आणि ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल निघाला तर आई-वडिलांचे नमुने तपासून देतात का? अशा अनिश्चित बदलावर उपचार ठरवायचे नसतात.

पाण्याच्या गाठींच्या किडनीचा आजार, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी, हा वारशाच्या बीपीतला सगळ्यात ओळखीचा प्रकार, आणि तिथे सुरुवात सोनोग्राफीनेच करावी. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी असते, आणि बीपी पुष्कळदा क्रिएटिनिन बिघडण्याच्या कितीतरी आधी वाढतं. अशा घरातल्या 15 ते 39 वयाच्या माणसाला दोन्ही किडन्या मिळून तीन गाठी दिसल्या तर निदान पक्कं धरतात. 40 ते 59 मध्ये प्रत्येक किडनीत किमान दोन लागतात. चाळिशीनंतर दोन्ही किडन्या मिळून दोनाहून कमी असतील तर आजार नाही असं म्हणता येतं. म्हणून ‘किडनीत गाठी आहेत’ एवढाच रिपोर्ट घेऊन बाहेर पडू नका. प्रत्येक बाजूची संख्या आणि दोन्ही किडन्यांची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या. तिशीतला भाऊ किंवा बहीण किडनी द्यायला पुढे येते आणि सोनोग्राफी स्पष्ट बोलत नाही, तेव्हा जनुक तपासावं लागतं. मुख्य जनुकाच्या सहा खोट्या प्रती शेजारीच असल्याने साधं वाचन तिथे गोंधळतं, म्हणून इथेही लाँग पीसीआरची चौकशी करावीच. आधी आजारी माणसाचा नमुना द्यायचा, मग भावंडांचा. त्याच्यात बदल सापडला की पुढच्यांना फक्त ती एक जागा तपासावी लागते आणि खर्च बराच उतरतो. त्यासाठी पहिल्या रिपोर्टची झेरॉक्स नमुन्यासोबत जोडतात, आणि त्यात बदलाची नेमकी नोंद असलेलं पान हवं, नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेलं पहिलं पान चालत नाही.